शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनासाठी कूलंट कसे निवडावे आणि कसे भरावे

तुर्भे किंवा कळंबोलीच्या सुट्या भागांच्या दुकानात कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, मागितले, की काउंटरवरून पहिला प्रश्न रंगाचा येतो: हिरवे हवे, लाल हवे की निळे? ट्रकवाल्याचे या प्रश्नावर बहुतेक वेळा निभावून जाते, कारण गाडीचे मॉडेल कळले की पुढचे दुकानदार जाणतो. बेलापूर, वाशी किंवा ठाणे खाडीच्या काठावर शिडाची बोट ठेवणाऱ्याला मात्र ही सोय नाही. त्याच्या बोटीत यानमारचे किंवा व्होल्वो पेंटाचे दोन-तीन सिलिंडरचे इंजिन असते, नाहीतर कुबोटाच्या ब्लॉकवर बेतलेले बीटा किंवा नानी असते, आणि यांतले एकही नाव दुकानदाराच्या तक्त्यात नसते. अशा वेळी रंगावरून केलेली निवड म्हणजे निव्वळ अंदाज ठरतो, कारण कूलंटचा रंग ही उत्पादकाने मिसळलेली छटा असते आणि कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यावा याचे सर्वांवर बंधनकारक असे प्रमाण नाही. एकाचे हिरवे जुन्या पद्धतीचे असते, तर दुसऱ्याचे हिरवे पूर्णपणे सेंद्रिय आम्लांवर आधारलेले असते. म्हणून निवडीची सुरुवात दुकानात करून चालत नाही; ती बोटीत, इंजिनाचे झाकण उघडून करावी लागते.

आधी इंजिन कसे थंड होते ते पाहा

बोटीच्या डिझेल इंजिनात दोन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत समुद्राचे पाणी सी-कॉकमधून, म्हणजे बोटीच्या तळाकडील झडपेतून, आत येते, थेट ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधून फिरते आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडते. दुसऱ्या पद्धतीत इंजिनाच्या आत कूलंटचे बंद चक्र असते आणि समुद्राचे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमधून जाऊन त्या कूलंटची उष्णता घेऊन जाते. यानमारच्या जुन्या जीएम मालिकेत हा फरक नावातच दिसतो: २जीएम२० हे खाऱ्या पाण्याने थेट थंड होणारे इंजिन आहे, तर २जीएम२०एफ मध्ये हीट एक्स्चेंजर बसवलेला असतो.

हातात मॅन्युअल नसेल तर सी-कॉकपासून निघालेला होज बोटाने चाचपत पुढे जावे. खाऱ्या पाण्याच्या पंपानंतर हा होज थेट ब्लॉकला जाऊन मिळत असेल आणि इंजिनावर कुठेही प्रेशर कॅप असलेली टाकी नसेल, तर ते थेट पद्धतीचे इंजिन होय. अशा इंजिनात कूलंट घालण्याचा प्रश्नच येत नाही, कारण घातलेले सगळे काही मिनिटांत खाडीत जाईल. त्याच्या ब्लॉकचे संरक्षण आतल्या झिंक ॲनोडवर, म्हणजे ब्लॉकऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर, अवलंबून असते. शिवाय तापलेल्या खाऱ्या पाण्यातून क्षार सुटून वाटा बुजू नयेत म्हणून त्याचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप) मुद्दाम ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारा ठेवलेला असतो. बंद चक्राच्या इंजिनाचा ७०-८० अंशांचा थर्मोस्टॅट त्यात कधीही बसवू नये. पुढचे सर्व विवेचन फक्त दुसऱ्या पद्धतीच्या इंजिनांना लागू आहे.

बर्फ पडत नाही, मग ग्लायकॉल कशासाठी

आपल्या बंदरांवरचा हा जुना वाद आहे. इंजिनात साधे पाणी घालून वर थोडे पाण्यात मिसळणारे तेल टाकणारे मिस्त्री आजही भेटतात आणि त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो: ठाण्यात पारा शून्याखाली जात नाही, तर कूलंटमधले ग्लायकॉल हे गोठण्यापासून वाचवणारे द्रव्य कशाला विकत घ्यायचे? या युक्तिवादात एवढेच सुटते, की गोठणबिंदू खाली आणणे हे कूलंटचे आपल्याकडे सर्वांत बिनमहत्त्वाचे काम आहे. त्याचे मुख्य काम गंज रोखण्याचे आहे. इंजिनाच्या चक्रात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हाउसिंग, तांबे-निकेलच्या नळ्या, पितळेची जोडणी आणि डाक असे चार-पाच धातू एकाच द्रवात बुडालेले असतात, आणि तो द्रव साधे पाणी असला तर हे धातू एकमेकांना खाऊ लागतात. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये प्रत्येक धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. तेल घातल्याने हे काम होत नाही. उलट होजचे आणि सीलचे रबर फुगते.

दुसरे काम उकळबिंदू वर नेण्याचे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते, तर एथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. प्रेशर कॅप ०.९ बारची असेल तर साधे पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत टिकते आणि मिश्रण १२८ अंशांच्या आसपास जाते. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती थोड्या थोड्या जागी पाणी उकळून वाफेचे बुडबुडे धरतात, तिथे हा नऊ-दहा अंशांचा फरक कामी येतो.

ग्लायकॉल जितके जास्त तितके चांगले, असे मात्र नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असते आणि ग्लायकॉल वाढवत नेल्यास ती आणखी घटते, शिवाय द्रव दाट होतो. मुंबईच्या समुद्राचे पाणी हिवाळ्यात २४ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असते. युरोपातल्या थंड पाण्यासाठी आखलेल्या इंजिनाला इथे हातात उरणारी सूट आधीच कमी असते. म्हणूनच इंजिनाच्या मॅन्युअलची मनाई नसेल तर ४० टक्के हे प्रमाण आपल्या हवेला योग्य आहे असे माझे मत आहे. ५० टक्क्यांनी नुकसान होत नाही. पण ६० टक्के हा इथे शुद्ध अपव्यय आहे. ३० टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ नये, कारण गंजरोधक द्रव्ये ग्लायकॉलसोबतच येतात आणि तेही त्याच प्रमाणात विरळ होतात.

रसायनाचे तीन घराणे

बाजारातील कूलंटची ढोबळ विभागणी गंजरोधक द्रव्यांवरून होते. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट अशी अकार्बनी द्रव्ये असतात. ती धातूवर लगेच थर धरतात, ॲल्युमिनियमला विशेष मानवतात, पण वापरात संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी कूलंट बदलावे लागते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ओएटी (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी) कूलंटमध्ये, सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते जिथे गंज सुरू होतो तिथेच मुख्यत्वे खर्च होतात, म्हणून पाच वर्षांपर्यंत टिकतात. तिसरा प्रकार हायब्रिड म्हणजे एचओएटी: त्यात सेंद्रिय आम्लांना थोड्या सिलिकेटची किंवा फॉस्फेटची जोड दिलेली असते. जपानी इंजिनांसाठीच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असते आणि सिलिकेट टाळलेले असते, तर युरोपीय परंपरेत नेमके उलटे आढळते.

जुन्या इंजिनाच्या मालकाने ओएटीकडे थोडे सावधपणे पाहावे. काही ओएटी कूलंटमध्ये टू-ईएचए नावाचे आम्ल असते आणि ते सिलिकॉन रबराच्या काही सीलना व काही प्लास्टिकना मऊ करते. तीस वर्षांच्या इंजिनात कोणत्या मालकाने कोणत्या काळात कोणते गॅस्केट बसवले, हे कोणालाच ठाऊक नसते. अशा इंजिनासाठी मी उत्पादकाने मुळात सांगितलेले दोन वर्षांचे साधे कूलंटच घेईन आणि ते वेळेवर बदलेन. पाच वर्षे टिकणाऱ्या द्रवाचा लाभ सील गळू लागल्यावर उरत नाही.

नायट्राइटबद्दल बरेच ऐकू येते, कारण ट्रकच्या कूलंटमध्ये ते असते. ज्या इंजिनांत सिलिंडरचा लायनर (ज्यात पिस्टन फिरतो ती नळी) थेट कूलंटमध्ये उभा असतो, तिथे लायनरच्या कंपनामुळे त्याच्या बाहेरच्या अंगावर बुडबुडे फुटून खड्डे पडतात. ते रोखण्यासाठी नायट्राइट किंवा मॉलिब्डेट लागते. शिडाच्या बोटींतील लहान इंजिनांत बहुधा असे ओले लायनर नसतात. मात्र ट्रकचे इंजिन बोटीसाठी बदलून बसवलेले असेल तर मूळ इंजिनाचे मॅन्युअल पाहून हेवी-ड्यूटी कूलंटच घ्यावे.

बाटलीवर काय वाचावे

पुढच्या बाजूचे मोठे अक्षर सोडून बाटली फिरवावी. मागे मानकांचे क्रमांक असतात आणि खरी ओळख तीच. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ आणि हेवी-ड्यूटी इंजिनांसाठीचे एएसटीएम डी ६२१० हे क्रमांक आपल्या बाजारात दिसतात. यानमारच्या मॅन्युअलमध्ये यांपैकी जपानी व अमेरिकी मानकांचा स्पष्ट उल्लेख असतो, त्यामुळे त्या क्रमांकाचे चांगल्या कंपनीचे भारतीय कूलंटही चालते; परदेशातून डबा मागवण्याची गरज नसते. व्होल्वो पेंटाच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे लागते. त्यांचे जुने हिरवे कूलंट आणि नंतरचे पिवळे व्हीसीएस कूलंट एकमेकांत मिसळण्यास कंपनीची सक्त मनाई आहे. इथे रंगाला अर्थ आहे, पण तो त्या एका कंपनीपुरताच.

ज्या बाटलीवर एकही मानक छापलेले नाही आणि फक्त ‘सर्व इंजिनांसाठी’ असा दावा आहे, ती परत ठेवावी. तशीच एक बारीक गोष्ट प्रमाणाची. आपल्याकडे काही कॉन्सन्ट्रेटवर, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटवर, एकास तीन असे मिश्रण सांगितलेले असते. याचा अर्थ फक्त २५ टक्के कूलंट, आणि बोटीच्या इंजिनाला ते अपुरे आहे. प्रमाण बाटलीवरून न घेता इंजिनाच्या मॅन्युअलवरून घ्यावे.

ग्लायकॉलच्या दोन जातींपैकी एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. प्रोपिलीन ग्लायकॉल त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी, पण महाग आणि इथे सहज न मिळणारे आहे. बोटीत कूलंटवर चालणारा पाणी तापवण्याचा कॅलोरिफायर असेल, तर मात्र प्रोपिलीनचा विचार जरूर करावा, कारण त्याची आतली गुंडाळी फुटल्यास कूलंट थेट आंघोळीच्या पाण्यात येते.

पाणी कोणते

नळाच्या पाण्यात क्लोरीन व क्षार असतात आणि बोअरच्या पाण्यात त्याहून कितीतरी अधिक असतात. आरओचे पाणीही पूर्णपणे क्षारमुक्त नसते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्यावे. पाच लिटरचा कॅन एका वेळेला पुरतो. त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही असते, म्हणून लेबल वाचून घ्यावे. एसीचे ठिबकणारे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याची घराघरांतली सवय आहे. इंजिनात ते घालू नये, कारण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण उतरलेले असतात.

जुने काढणे आणि नवे भरणे

आत सध्या कोणते कूलंट आहे याची खात्री नसेल, तर त्यात भर घालू नये. सगळे काढून धुऊन नव्याने भरावे. भिन्न रसायने एकत्र आली की काहींचा साका होऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत बसतो, आणि साका झाला नाही तरी गंजरोधकांचा हिशेब बिघडतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडावी. काम सुरू करण्यापूर्वी बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा ऑटो स्विच बंद करावा, कारण खाली सांडलेले कूलंट तो इमानेइतबारे खाडीत उपसून टाकतो. ब्लॉकच्या बाजूचा आणि हीट एक्स्चेंजरखालचा असे दोन्ही ड्रेन कॉक उघडून द्रव भांड्यात घ्यावा. ब्लॉकच्या कॉकमधून काहीच आले नाही तर तो रिकामा आहे असे समजू नये; बहुधा गाळाने तोंड बुजलेले असते, आणि तारेने मोकळे केले की धार लागते. निघालेला द्रव मोजून ठेवावा, तो आकडा पुढे लागणार आहे.

नंतर साध्या स्वच्छ पाण्याने भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, थंड करून पुन्हा काढावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करावे आणि शेवटचा फेरा डिस्टिल्ड पाण्याचा असावा. या वेळी सी-कॉक उघडा हवा; बोट किनाऱ्यावर काढलेली असेल तर पंपाच्या तोंडाला बादलीतून पाणी द्यावे. पंपातले पात्यांचे रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला तर फार थोड्या वेळात जळतो.

आता मिश्रणाचा हिशेब, ज्यात सर्वाधिक चुका होतात. समजा चक्राची एकूण क्षमता ४.५ लिटर आहे, पण ड्रेनमधून ३.३ लिटरच निघाले. म्हणजे १.२ लिटर साधे पाणी आतच अडकले आहे. त्यावर ५० टक्क्यांचे तयार मिश्रण ३.३ लिटर घातले, तर प्रत्यक्षात ग्लायकॉल १.६५ लिटर होते आणि प्रमाण ३७ टक्क्यांवर येते. म्हणून धुतल्यानंतरच्या पहिल्या भरणीला तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट घ्यावे. ४० टक्के हवे असतील तर एकूण क्षमतेच्या ४० टक्के, म्हणजे १.८ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. तयार मिश्रणाचा एक डबा पुढच्या वरच्या भरीसाठी बोटीत ठेवावा.

भरताना घाई करू नये. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांऐवजी सलग द्रव येईपर्यंत थांबावे. नसेल तर वरचे होज हाताने दाबत दाबत भरावे. मग कॅप न लावता इंजिन हळू चालवावे, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढी भर घालून कॅप लावावी. बेल्ट फिरत असताना बाही किंवा चिंधी त्याच्या जवळ नेऊ नये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असणारच.

प्रमाण तपासायला रिफ्रॅक्टोमीटर वापरावा; द्रवाच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून तो प्रमाण दाखवतो. त्यावर आकडे गोठणबिंदूचे असतात, ते आपण उलटे वाचायचे: एथिलीन ग्लायकॉलच्या पट्टीवर उणे २४-२५ अंश म्हणजे ४० टक्के आणि उणे ३७ म्हणजे ५० टक्के. प्रोपिलीनची पट्टी वेगळी असते. रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल मोजतो, गंजरोधक उरले की नाही ते सांगत नाही; त्यासाठी कूलंटच्या चाचणीपट्ट्या लागतात. सामू (पीएच) सातच्या खाली गेला असेल तर मुदत बाकी असली तरी कूलंट बदलावे.

तापमान वाढले तर दोष कुणाचा

ठाणे खाडीत इंजिन तापू लागले की बोटमालक आधी कूलंट बदलतात, आणि बहुतेक वेळा ते व्यर्थ जाते. आपली खाडी उथळ आणि गाळाची आहे. ओहोटीला बेलापूरकडच्या बऱ्याच जागी पाणी उतरून चिखल उघडा पडतो, आणि अशा वेळी निघणारी बोट पाण्याबरोबर गाळही ओढते. आत येणारे पाणी गाळणाऱ्या स्ट्रेनरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा अडकला तरी पुरे होते. म्हणून क्रम असा ठेवावा: एक्झॉस्टमधून पाणी नेहमीइतके पडते का, स्ट्रेनर साफ आहे का, इम्पेलरची पाती शाबूत आहेत का, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत गाळ किंवा झिंकचे तुकडे बसलेत का. कूलंटकडे त्यानंतर वळावे.

कूलंटची पातळी मात्र बरेच काही सांगते. बाहेर कुठे ओल नसताना ती सारखी घटत असेल, तर नळीला भोक पडून कूलंट समुद्राच्या पाण्यात चालले आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे. पातळी आपोआप वाढत असेल तर खारे पाणी आत येत आहे, आणि ही स्थिती अधिक वाईट, कारण खारे पाणी शिरल्यावर कोणतेही गंजरोधक टिकत नाही. खारटपणा पाहायला जिभेवर थेंब घेण्याची काहींना सवय असते. विषारी द्रवाच्या बाबतीत ती सोडून द्यावी आणि क्लोराइडच्या चाचणीपट्टीने पाहावे. तेलाची दांडी ओढून तेल दुधाळ झालेले दिसले तर इंजिन सुरूच करू नये.

कधी बदलावे आणि जुन्याचे काय करावे

शिडाची बोट वर्षाला फार थोडे तास इंजिनावर चालते, त्यामुळे मुदत तासांवर न मोजता वर्षांवर मोजावी. यानमार साध्या कूलंटसाठी एक वर्ष आणि दीर्घकाळ टिकणाऱ्यासाठी दोन वर्षे सांगते. इतरांचे मॅन्युअल पाहावे. बदलण्याचा योग्य काळ मे महिन्याचा शेवट आहे, ऑक्टोबर नव्हे. पावसाळ्यात बोट चार महिने उभी राहते, आणि त्या काळात इंजिनात आंबट झालेले जुने कूलंट उभे राहण्यापेक्षा नवे राहिलेले बरे. नवे भरल्यावर ते सगळीकडे पोहोचेल इतका वेळ इंजिन चालवून मगच बोट वर काढावी.

काढलेले कूलंट खाडीत, गटारात किंवा जेट्टीच्या कडेला ओतू नये. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे, आणि त्याहून जवळचा धोका म्हणजे जेट्टीवरची कुत्री-मांजरे: ती हा द्रव चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही मरतात. कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये वेगळे साठवावे, वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नये, आणि जे गॅरेज किंवा बोटयार्ड आपला घातक कचरा अधिकृत संकलकाकडे देते तिथे सोपवावे.

शेवटी कूलंटची कंपनी, मानकाचा क्रमांक, टक्केवारी आणि भरल्याचा महिना-वर्ष न पुसणाऱ्या शाईने एका पट्टीवर लिहून ती हेडर टँकवर, म्हणजे कूलंट भरण्याच्या टाकीवर, चिकटवावी. पुढच्या वेळी वर भर घालणारा मिस्त्री दुसराच कोणी असण्याची शक्यता अधिक असते.